जळगाव जामोद ते जामठा : दोन दिवसांत सामना आणि नागपूर

नागपूरला भारताचा सामना जाहीर झाला की जळगाव जामोदच्या चहाच्या टपरीवर एकच चर्चा सुरू होते : तिकीट कोण काढतंय? त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे. रात्री अकराच्या सुमारास सामना संपेल, तेव्हा झोपायचं कुठं आणि घरी परतायचं कसं?

आपल्या गावापासून नागपूर साधारण साडेतीनशे किलोमीटर. मैदान तर नागपुरातही नाही, शहर ओलांडून वर्धा रोडवर जामठा गावाच्या हद्दीत आहे. सामना टी-ट्वेंटीचा असेल तर खेळ जेमतेम चार तासांचा, पण जाण्यायेण्याचा हिशेब दोन दिवसांचा. म्हणून आखणी उलट्या बाजूनं करावी. आधी परतीची सोय, मग मुक्काम, मग जाण्याचं साधन आणि सगळ्यात शेवटी सामन्याचं तिकीट. ज्यांनी आधी तिकीट काढलं आणि बाकीचं ‘पाहू तिथं गेल्यावर’ म्हटलं, ते मध्यरात्री वर्धा रोडवर ऑटोवाल्याशी घासाघीस करताना सापडतात.

दुसरी गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांना नागपूर माहीत आहे ते कामापुरतं. हायकोर्टाची तारीख, अधिवेशनावरचा मोर्चा, मोठा दवाखाना, पोराची ॲडमिशन. काम उरकायचं आणि मिळेल ती गाडी धरायची. सामन्याच्या निमित्तानं दोन दिवस काढणारच असाल, तर त्यातला एक दिवस शहराला द्या.

कोणता सामना निवडावा

जामठ्याचं मैदान २००८ साली सुरू झालं. साधारण ४५ हजार प्रेक्षक बसतील एवढं मोठं. पहिली कसोटी त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मणची शंभरावी. एकदिवसीय सामन्यांतही या मैदानानं भरपूर दिलं आहे. २००९ मध्ये धोनीच्या १२४ धावा, २०११ च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनचं ९९वं आंतरराष्ट्रीय शतक, २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या साडेतीनशे धावांचा भारतानं केलेला यशस्वी पाठलाग. सचिनच्या त्या शतकाच्या दिवशी १ बाद २६७ वरून भारत २९६ वर आटोपला आणि सामना हातचा गेला, हेही तिथं बसलेले लोक विसरलेले नाहीत.

निवड करताना वेळेचा विचार आधी करा. टी-ट्वेंटी सहसा संध्याकाळी सातला सुरू होतो, म्हणजे दिवसभर शहर पाहायला मोकळे. मात्र रात्रीचा मुक्काम अटळ. दिवस-रात्र एकदिवसीय सामना दुपारी दीडच्या सुमारास सुरू होतो. बारापर्यंत तुम्ही जागेवर असायला हवं, म्हणजे तो दिवस पूर्ण सामन्याचा. कसोटी सकाळी साडेनऊला सुरू होते आणि उजेड असतानाच संपते. लहान मुलं आणि वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर कसोटीचा दिवस सगळ्यात सुखाचा. गर्दी बेताची, तिकीट स्वस्त आणि संध्याकाळी लोक शांतपणे घरी जातात.

कसोटीचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. जामठ्याची खेळपट्टी फिरकीला साथ देणारी. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा डाव ७९ धावांत आटोपला आणि कसोटी तिसऱ्याच दिवशी संपली. त्या खेळपट्टीवर आयसीसीनं निकृष्टतेचा शेराही मारला होता. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ९१ धावांत गुंडाळला गेला, तीही कसोटी तीन दिवसांत खलास. ‘रविवारी सवड आहे, चौथ्या दिवसाचं काढू’ असा बेत इथं अंगाशी येऊ शकतो. पहिल्या तीन दिवसांपैकी एक निवडा.

पावसाळ्याच्या शेवटी सामना असेल तर मन तयार ठेवा. सप्टेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धचा टी-ट्वेंटी सामना पाऊस थांबलेला असतानाही मैदान ओलं असल्यानं अडीच तास उशिरा सुरू झाला आणि आठ-आठ षटकांचा झाला. आपल्याच तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला वर्षाच्या पावसाचा अंदाज सांगते. कोणत्या रात्री जामठ्याचं मैदान वाळेल, तेवढं मात्र तीही सांगत नाही. परतीची गाडी धरायची म्हणून अर्ध्यातून उठावं लागू नये, यासाठी मुक्काम ठेवायचा तो अशा दिवसासाठीच.

तिकीट काढताना

भारताच्या सामन्यांची तिकिटं आता मोबाइलवरच्या अधिकृत ॲपवरून विकली जातात. ॲप कोणतं आणि विक्री कधी सुरू होणार, हे विदर्भ क्रिकेट संघटना सामन्याच्या काही दिवस आधी जाहीर करते. स्वस्त दरातली तिकिटं पहिल्या काही मिनिटांत जातात. म्हणून ॲपवर खातं आधीच उघडून ठेवा, आणि घरातल्या ज्याच्या मोबाइलला चांगली रेंज आहे त्यालाच बसवा.

ऑनलाइन पैसे भरले म्हणजे काम झालं, असंही नाही. अनेकदा मोबाइलवरची पावती आणि ओळखपत्र दाखवून कागदी तिकीट हातात घ्यावं लागतं. नागपुरात हे काम बहुधा सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावर चालतं, जामठ्याला नाही. दोन्हींत पंधरा-वीस किलोमीटरचं अंतर आहे. तिकीट कुठं, कोणत्या तारखेपासून आणि किती वाजेपर्यंत मिळेल, हे बुकिंगच्या संदेशात नीट वाचा. थेट जामठ्याला जाऊन परत शहरात पळणारे लोक दर सामन्याला दिसतात. ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो माणूस मूळ आधार कार्डासह बरोबर असावा. व्हॉट्सॲपवर ‘माझ्याकडे चार जास्तीची आहेत’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. एकाच बारकोडच्या प्रती दहाजणांना विकल्या, तर पहिला आत जातो आणि नऊ बाहेर राहतात.

स्टँड निवडताना सूर्य बघा. दुपारच्या सामन्याला पूर्वेच्या स्टँडमध्ये बसलात तर मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत येतं. पश्चिमेच्या बाजूला सूर्य पाठीशी राहतो. रात्रीच्या सामन्याला हा प्रश्न नाही. वरच्या मजल्यावरून क्षेत्ररक्षणाची मांडणी छान कळते, पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी खालच्या ओळी घ्या. जामठ्याचं मैदान लांबरुंद आहे. खेळाडूंचे चेहरे मोठ्या पडद्यावरच दिसतील, ही अपेक्षा मनाशी ठेवून जा. टीव्हीवर न दिसणारं बाकी सगळं तिथं दिसतं. गोलंदाज धावत यायला लागला की डीप मिडविकेटचा माणूस चार पावलं कसा सरकतो, ते कॅमेरा कधी दाखवत नाही.

जायचं कसं

आपल्याला रेल्वेसाठी दोन दारं : नांदुरा आणि शेगाव. दोन्ही मुंबई–हावडा मार्गावर. नांदुरा जवळचं, पण तिथं थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. गजानन महाराजांच्या कृपेनं शेगावला गाड्यांचे थांबे जास्त. शेगावहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या आत, गाडीनुसार साडेचार ते सहा तास. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस पहाटेच्या अंधारात शेगावला येते आणि सकाळी नागपूर गाठते. मुंबईहून दुपारी सुटणारी सेवाग्राम एक्स्प्रेस त्याआधी येते. परतीला विदर्भ एक्स्प्रेस नागपूरहून संध्याकाळी निघते आणि रात्री शेगावला सोडते. वेळापत्रक बदलत असतं, त्यामुळं बुकिंगच्या दिवशी रेल्वेच्या ॲपवर खात्री करा.

दोन अडचणी मात्र ठरलेल्या. पहाटेची गाडी धरायला जळगाव जामोदहून शेगावला अपरात्री वाहन मिळत नाही, आणि रात्री उतरलात तर परत यायला एसटी नसते. यावर आपल्या भागातल्या लोकांना माहीत असलेला उपाय आहे. आदल्या संध्याकाळी शेगावला जायचं, दर्शन घ्यायचं, संस्थानच्या भक्तनिवासात टेकायचं आणि पहाटे स्टेशन गाठायचं. येतानाही तसंच. चारपाच जण असाल तर गावातली गाडी ठरवून स्टेशनला सोडायला-आणायला सांगितलेली परवडते.

नागपुरातल्या भाच्याला किंवा मित्राला तिकीट काढायला सांगत असाल, तर स्टेशनचं नाव ‘शेगाव’ असं स्पष्ट सांगा. नुसतं जळगाव म्हटलं तर तो खानदेशातल्या जळगावचं तिकीट काढून मोकळा होईल.

गाडीनं जाणाऱ्यांनी खामगाव, अकोला, अमरावती या राष्ट्रीय महामार्ग ५३ नं जावं. समृद्धी महामार्गाचं आकर्षण वाटतं, पण तो आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडून, मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूनं जातो. त्याच्यापर्यंत पोचायलाच घाट उतरावा-चढावा लागतो. अकोला–अमरावतीच्या पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला होता. थांबे आणि चहापाणी धरून सात तास हाताशी ठेवा. सामना संपल्यावर रात्रीच गाडी हाणत परत येण्याचा बेत मात्र करू नका. दिवसभर जागलेला चालक आणि मध्यरात्रीचे कापसाचे ट्रक, दोन्हींचा भरवसा नाही.

एसटीनं जायचं तर जळगाव जामोद आगारात चौकशी करा. थेट गाडी न मिळाल्यास अकोल्याला बदलावी लागते. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास असल्यानं घरच्या मंडळींसह जायला एसटी सगळ्यात स्वस्त पडते.

मुक्काम कुठं

मैदान जामठ्याला म्हणून हॉटेलही वर्धा रोडला शोधावं, असं वाटतं. ते टाळा. तिकडची हॉटेलं महाग, आणि सामन्याच्या दिवसांत अजून महाग होतात. सीताबर्डी किंवा रेल्वे स्टेशनच्या आसपास राहा. सीताबर्डीला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना मिळतात. बाजार, जेवण आणि स्टेशन सगळं हाकेच्या अंतरावर. सकाळी गाडीतून उतरून खोलीवर सामान टाकायचं आणि रिकाम्या हातानं फिरायचं, हे इथूनच जमतं.

तीन काळ टाळा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा शहरात खोली मिळणं मुश्कील. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. लग्नसराईच्या दाट तिथींना सभागृहवाल्यांनी हॉटेलं आधीच अडवलेली असतात. सामना यांपैकी एखाद्या दिवसाला लागून आला, तर तारीख जाहीर होताच खोली घ्या. आधी पैसे भरण्यापूर्वी रद्द केल्यास किती परत मिळतील, ते विचारून ठेवा.

मैदानावर

शहरातून जामठ्याला जायला मेट्रो बरी. स्टेशनसमोरच्या मेट्रोनं सीताबर्डीला या, तिथं गाडी बदला आणि नारिंगी मार्गिकेनं शेवटच्या खापरी स्थानकापर्यंत जा. वर्धा रोडवर या प्रवासात एक गंमत आहे. खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर तुमची मेट्रो. ३.१४ किलोमीटरच्या या दुमजली पुलाची गिनीज बुकात नोंद आहे. मुलांना खिडकीजवळ बसवा. खापरीच्या पुढं मैदानापर्यंत काही किलोमीटर राहतात. सामन्याच्या दिवशी बस सोडल्या जातात, ऑटोही असतात. अलीकडच्या सामन्यांना मेट्रोनं रात्री उशिरापर्यंत जादा गाड्या चालवल्या. पण शेवटची गाडी कितीची, हे त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किंवा स्थानकावर विचारून घ्या. बुटीबोरीकडं मेट्रो वाढवण्याचं काम सुरू आहे. ते पुरं झालं की हा शेवटचा टप्पाही सुटेल.

दरवाजे सामन्याच्या दोन-अडीच तास आधी उघडतात. तेव्हाच पोचा. तुमच्या तिकिटावर प्रवेशद्वार छापलेलं असतं. चुकीच्या दाराला रांग लावली तर अर्ध्या मैदानाची प्रदक्षिणा पडते.

दारावरची झडती नवख्याला धक्का देते. पोलिसांसमोर एक मोठा ड्रम ठेवलेला असतो. त्यात पॉवर बँक, लायटर, तंबाखूच्या पुड्या, चुन्याच्या डब्या, इअरफोन, पाण्याच्या बाटल्या आणि चिल्लर नाणी जमा होत जातात. हेडफोनची वायर कुरवाळत विनवण्या करणारा पोरगा आणि घरून आणलेला चिवडा दारातच वाटून टाकणारी बाई शेजारी शेजारी दिसतात. आत टाकलेलं परत मिळत नाही. म्हणून बरोबर फक्त मोबाइल, तिकीट, ओळखपत्र, काही नोटा आणि टोपी. बाळाचं दूध किंवा रोजची औषधं न्यायची असतील, तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि महिला पोलिसांना आधीच दाखवा. पिशवी, हेल्मेट खोलीवर किंवा गाडीत.

आत गेल्यावर काही साध्या गोष्टी :

— मोबाइलची रेंज हजारोंच्या गर्दीत कोलमडते. तिकिटाचा स्क्रीनशॉट आधी काढा. ‘फोन करून भेटू’ यावर विसंबू नका. भेटायची जागा ठरवून ठेवा.

— यूपीआय अडकतं. आतलं खाणंपिणं महाग असतं आणि तिथं रोख चालते. आत जाण्यापूर्वी पोटभर जेवून घ्या.

— लहान मुलाच्या हातावर पेनानं तुमचा फोन नंबर आणि स्टँडचं नाव लिहा.

— दुपारी ऊन आणि रात्री थंडी, दोन्ही एकाच दिवशी अनुभवायला मिळतात. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊनंतर गार वारं सुटतं. स्वेटर अंगावर असेल तर झडतीत अडत नाही.

— स्वच्छतागृहात डावाच्या मध्यंतरात जाऊ नका, तेव्हा रांग दाराबाहेर येते. चौदाव्या-पंधराव्या षटकात जा.

हिवाळ्यातल्या रात्रीच्या सामन्यात एक गोष्ट बघत राहा. पंच किंवा खेळाडू चेंडू रुमालानं पुसायला लागले की दव पडलं. ओला चेंडू फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून सुटतो. नाणेफेक जिंकलेला कर्णधार बऱ्याचदा आधी गोलंदाजी का घेतो, ते मुलांना तिथं बसल्या बसल्या समजावून सांगता येतं.

सामना संपल्यावर

हा सगळ्यात कठीण अर्धा तास. हजारो माणसं एकाच वेळी एकाच रस्त्यावर येतात. जिन्यांवर ढकलाढकली होते. नागपूरनं याची किंमत मोजली आहे. १९९५ साली जुन्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात स्टँडची भिंत कोसळून प्रेक्षकांचे बळी गेले होते. घाई करू नका. एक तर निकाल स्पष्ट झाल्यावर शेवटच्या दोन-तीन षटकांआधी उठा, नाहीतर सगळे निघाल्यावर जागेवरच वीस-पंचवीस मिनिटं बसून राहा. बक्षीस समारंभ बघून होतो आणि जिनाही मोकळा होतो.

स्वतःची गाडी असेल तर वाहतूक पोलिसांनी नेमून दिलेल्या पार्किंगमध्येच लावा आणि त्या खुणेचा फोटो काढून ठेवा. रात्री शेतातल्या पार्किंगमध्ये सगळ्या पांढऱ्या गाड्या एकसारख्या दिसतात. ऑटो करायचा असेल तर मैदानाच्या दारातून नको, शहराच्या दिशेनं थोडं चालत पुढं या. भाडं आपोआप उतरतं.

शहरासाठी एक दिवस

सामन्यानंतरचा दिवस, किंवा टी-ट्वेंटी असेल तर त्याच दिवसाची सकाळ, शहराला द्या. सगळं बघायला जाऊ नका. तीन-चार ठिकाणं नीट बघा.

सुरुवात दीक्षाभूमीपासून. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजच्या भव्य स्तूपाचं लोकार्पण २००१ साली राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. सकाळी लवकर गेलात तर स्तूपाच्या आत पाच मिनिटं निवांत बसता येतं. बाहेर पुस्तकांची दुकानं आहेत. आंबेडकरी साहित्य हवं असेल तर इथूनच घ्या.

तिथून सीताबर्डीकडं. बर्डीच्या टेकडीवरचा किल्ला १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईचा साक्षीदार. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी सहसा २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशीच उघडतो. बाकीच्या दिवशी खालून बघून पुढं चला. स्टेशनजवळ टेकडी गणपती आहे. घरातल्या मोठ्यांना तिथं नेल्याशिवाय ते तुम्हाला सोडणार नाहीत.

सीताबर्डीच्या पुढचंच मेट्रो स्थानक झिरो माइल. चार घोडे आणि दगडी खांब असलेली ही खूण देशाचा मध्य म्हणून प्रसिद्ध आहे. इंग्रजांच्या भूमापनात अंतरं आणि उंची मोजण्यासाठी तिचा उपयोग झाला. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मध्यवर्ती संग्रहालय आहे. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. १८६३ साली स्थापन झालेलं हे संग्रहालय, म्हणजे आपल्या देशातल्या जुन्यांपैकी एक. सोमवारी बंद असतं.

क्रिकेटवेड्यांनी सिव्हिल लाइन्समधलं जुनं मैदान चुकवू नये. कागदी तिकीट घ्यायला गेलात तर ते बघणं होतंच. १९६९ मध्ये नागपुरातली पहिली कसोटी इथं न्यूझीलंडविरुद्ध झाली. ३१ ऑक्टोबर १९८७ ला विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्धच चेतन शर्मानं इथं लागोपाठ तिघांचे त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच दुपारी ताप अंगात असताना सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. लंडनचं लॉर्ड्स मैदान सामना नसतानाही तिकीट लावून दाखवतात. आपल्याकडं तसं गृहीत धरू नका. रणजीचा सामना किंवा सराव चालू असेल तर दारावर विनंती करून बघा.

मुलं बरोबर असतील तर संग्रहालयाऐवजी रमण विज्ञान केंद्र किंवा गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाची सफारी. गोरेवाड्याला अर्धा दिवस जातो, म्हणून दोन्ही एका दिवसात कोंबू नका. संध्याकाळी फुटाळा तलावावर कणीस खात बसायला काही वेळापत्रक लागत नाही.

पोटोबा

सकाळी तर्री पोहे. कस्तुरचंद पार्कच्या आसपास आणि लॉ कॉलेज चौकात गाड्या लागतात. पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री, वरून कांदा आणि शेव. तर्री पुन्हा मागितली तरी कुणी भुवया उंचावत नाही.

सावजीची हौस पुरवायची असेल तर दिवस नीट निवडा. कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं हे काळ्या मसाल्याचं रस्सेदार जेवण आपल्या वऱ्हाडी जिभेलाही घाम फोडतं. सामन्याच्या आधी किंवा परतीच्या गाडीच्या आधी खाऊ नका. मुक्कामाच्या रात्री, खोली जवळ असताना खा. शाकाहारी माणसांसाठी पाटोडीची भाजी किंवा सांबारवडी.

परतताना सगळेजण संत्र्यांच्या पेट्या उचलतात. आपल्याला त्याची गरज नाही, संग्रामपूर तालुक्यात सोनाळ्याकडं बागा आहेतच. त्यापेक्षा संत्रा बर्फी न्या. डब्यावरची तारीख बघा आणि घरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत संपवा.

पहिल्यांदा जाणार असाल तर

एक सल्ला शेवटी, पण बिनपैशाचा. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी कधीच मैदानावर गेलेली नसेल, तर भारताच्या सामन्याआधी त्यांना रणजीचा सामना दाखवा. प्रवेश बहुधा मोफत असतो, झडती सौम्य आणि बसायची जागा हवी तिथं. खेळाडू सीमारेषेजवळ आले की त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू येतो.

विदर्भाचा संघ म्हणजे बुलडाण्यासह अकरा जिल्ह्यांचा आपलाच संघ. त्यानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. यातले दोन अंतिम सामने जामठ्यातच झाले. २०२५ च्या सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी विजेतेपदाला पुरली. नागपूरच्या दानिश मालेवारनं त्यात १५३ धावा काढल्या. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव, अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे हे सगळे याच संघातून पुढं आले. अकोल्याला आपण कापूस विकायला जातो. तिथला पोरगा जिथं खेळून मोठा झाला, ते मैदान आपल्या मुलाला दाखवणं अवघड नाही.

रणजीच्या हंगामाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. दिवाळीच्या सुट्टीत किंवा जानेवारीच्या एखाद्या शनिवार-रविवारी नागपूरला विदर्भाचा सामना आहे का बघा, आणि मगच शेगावचं आरक्षण करा. मोठ्या सामन्याची रंगीत तालीमही होते. कोणत्या गाडीनं जायचं, मेट्रो कुठं बदलायची आणि कुठं राहायचं, हे सगळं त्या एका फेरीत पाठ होतं. पुढच्या वेळी भारताचा सामना जाहीर होईल, तेव्हा टपरीवर तिकिटाची चर्चा चालू असताना तुमचं परतीचं आरक्षण झालेलं असेल.